सरपंचाचं वजन : आमच्या मकावला झालेली झिंकची विषबाधा आणि त्यानंतर बदललेला दिवस

पहिलेच सांगून टाकतो, सरपंच म्हणजे गावचा सरपंच नाही, आमचा पोपट. निळा-पिवळा मकाव. पुण्याला मामेभावाकडं होता तेव्हा त्याचं नाव कोको होतं. मामेभाऊ बाहेरदेशी निघाला तेव्हा, २०२३ च्या दिवाळीनंतर, तो आमच्याकडं आला, आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला त्यानं जो आवाज काढला तो थेट बसस्टॉपवरच्या चहाच्या टपरीपर्यंत गेला. तिथं कोणीतरी म्हटलं, "सरपंच ओरडून रायला वाट्टे." झालं, तेच नाव पडलं. खरे सरपंच भले माणूस, त्यांनी मनावर घेतलं नाही.

आमचं गाव वरुड तालुक्यात, संत्र्याचा पट्टा, नागपूर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. इथं बैलाचा, शेळीचा, कोंबडीचा इलाज सांगणारी दहा माणसं भेटतात, पण मकावचं कोणाला विचारणार? म्हणून २०२५ च्या मे-जूनमध्ये जे झालं ते सगळं लिहून ठेवतो, वजनांच्या आकड्यांसकट. माझ्या चुका पण लिहितो, कारण खरं प्रकरण तेच आहे. दुखणं डोळ्यासमोर होतं, वहीत लिहिलेलं होतं, आणि मी त्यातल्या एकेका लक्षणाला "उन्हाळा आहे" म्हणून गप्प बसवत गेलो.

आधी पेशंटची माहिती. नर की मादी ते डीएनए टेस्टशिवाय कळत नाही, मामेभावानं केली होती, नर आहे. पायातल्या रिंगवर २०१५ साल आहे म्हणजे त्या वेळी दहा वर्षांचा. वय ऐकून लोक म्हणतात म्हातारा झाला असन, पण हा पक्षी नीट सांभाळला तर चाळीस-पन्नास वर्षं जगतो, म्हणजे माझ्या पोरीच्या पोरांना पण चावेल. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळपास तीन फूट, आणि वजन हजार-चाळीस ग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवा.

कागदाचं पण सांगतो कारण प्रत्येक जण विचारतो. मकाव मूळचा दक्षिण अमेरिकेतला, साइटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतला, त्यामुळं २०२२ च्या वन्यजीव कायदा दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनंतर अशा पक्ष्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. मामेभावाच्या मागं लागून ते करून घेतलं. आणि जे लोक मला म्हणतात की एवढी झंझट कशाला, आपला राघू पाळा ना, त्यांना सांगतो की राघू पाळणं हाच गुन्हा आहे, देशी पोपट, मग तो साधा असो की पहाडी, पिंजऱ्यात ठेवताच येत नाही. आमच्याच गल्लीत दोन घरी आहेत. बोललो की तोंड वाकडं करतात.

आता पिंजरा.

पुण्याहून आलेला पिंजरा फ्लॅटमधला होता, त्याला त्यात पंख पण पुरे पसरता येत नव्हते. मला ते पाहवत नव्हतं. एप्रिलमध्ये संत्र्याचे पैसे आले तेव्हा मी ठरवलं की याला असा पिंजरा करायचा की बस्स. सहा फूट लांब, चार फूट रुंद, सात फूट उंच, छपरीत एका बाजूला पक्का बसवलेला. वेल्डिंगवाला भाऊ घरचाच माणूस, त्यानं अँगलची फ्रेम केली आणि त्यावर एक इंची चौकटीची जीआय जाळी मारली, नवी कोरी, चांदीसारखी चमकणारी. जाळी तालुक्याहून मीच आणली, मीच निवडली, दुकानदाराला म्हटलं गंजणार नाही अशी दे. त्यानं दिली. ती खरंच गंजली नाही. लोक पाहायला येत होते, फोटो काढत होते, आणि मी असा काही फुगलो होतो की विचारू नका. वर पोरीनं जुन्या बैलजोडीच्या माळेतले पितळी घुंगरू सोडवून एका साखळीत ओवले आणि खेळणं म्हणून आत टांगलं. पोळ्याला बैल नाहीत आता आमच्याकडं, ट्रॅक्टर आहे, तर घुंगरू कामी आले म्हणून आईलाही बरं वाटलं.

मकाव जाळीवर कसा चढतो हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगतो. चोच हा त्याचा तिसरा पाय. आधी वर चोच अडकवतो, मग एक पाय, मग दुसरा. चढून झालं की काम नाही म्हणून तिथंच बसून तारेचा जोड चाटतो, काळी कोरडी जीभ असते, बोटाएवढी जाड, ती त्या जोडावर फिरवत बसतो आणि मग चोचीच्या टोकानं कुरतडतो. टक, टक, टक. दुपारी जेवण करून आडवं झालं की तो आवाज यायचा. आम्हाला वाटे, खेळून रायला.

वही पोरीची. सहावीत होती ती तेव्हा. मामेभावानं जाताना एकच गोष्ट बजावली होती की रोज सकाळी काही खायच्या आधी वजन करायचं, आणि किचनचा डिजिटल काटा व त्यावर ठेवायचा लाकडी टी आकाराचा स्टँड पण दिला होता. पक्षी आजारी असला तरी दाखवत नाही, जंगलात जो आजारी दिसला तो आधी शिकार होतो म्हणून लपवणं त्याच्या रक्तात आहे, पिसं फुगवून बसला म्हणजे दुखणं जुनं झालं समजा. वजन मात्र लपवता येत नाही. मी दोन महिने केलं आणि कंटाळलो, पोरीनं सोडलं नाही. शाळेला सुट्टी असो नसो, ती काटा शून्यावर आणायची, "चढ सरपंच" म्हणायची, तो चढायचा, अक्रोडाचा एक तुकडा मिळायचा, आकडा वहीत.

वहीतले आकडे जसेच्या तसे देतो. १० मे १०३८. १८ मे १०३२. २३ मे १०१८. २७ मे १००१. ३० मे ९८४. २ जून ९५९. मधले रोजचे सोडतो, पण उतार एकसारखा आहे, एक दिवस वर गेला असं नाही.

पाच-दहा ग्रॅम इकडं तिकडं रोजच होतं, पोट साफ झालं की कमी, रात्री उशिरा खाल्लं की जास्त. त्यामुळं १०१८ ला मी काही म्हटलं नाही. २७ तारखेला पोरगी वही घेऊन आली, "बाबा, हजारावर आला." मी म्हटलं, नवतपा सुरू आहे, माणसाला जेवण जात नाही तं पोपटाले काय जाईन. हे मला पटलं सुद्धा. पारा पंचेचाळीसला होता, कुलर चोवीस तास चालू, माझं स्वतःचं जेवण अर्ध्यावर आलं होतं.

पाणी खूप प्यायला लागला होता. दोन वाट्या संपायच्या तिथं चार. उन्हाळा.

शीट पातळ येत होती. आता हे जरा बारकाईनं सांगतो कारण पक्षी पाळायचा तर सकाळी खालचा पेपर वाचता आला पाहिजे, बातम्या नाही, शीट. तिच्यात तीन भाग असतात. एक हिरवा किंवा तपकिरी, तो खरा मळ. एक पांढरा खडूसारखा, ते लघवीतलं युरेट. आणि आजूबाजूला थोडं साधं पाणी. टरबूज, काकडी खाल्ली की पाण्याचं डबकं मोठं होतं, ते ठीक आहे. सरपंचाची शीट मेच्या शेवटी अशी होती की पेपरच्या चार पानांखालचा ट्रे ओला, मळाचा रंग पोपटी झालेला, आणि पांढऱ्या भागाला पिवळट झाक. बायकोनं म्हटलं हे बरोबर दिसत नाही. मी म्हटलं, तूच तं टरबूज देतेस. दोन दिवस टरबूज बंद केलं, फरक शून्य. तरी मी तालुक्याला एका मेडिकलवाल्याला फोनवर विचारलं, त्यानं कोंबड्यांचं एक औषध सांगितलं पाण्यात टाकून द्यायचं, जुलाब थांबतात म्हणे. तीन दिवस दिलं. पाण्याची चव बदलली म्हणून त्यानं पाणी कमी पिलं, म्हणून शीट जरा घट्ट आली, आणि मला वाटलं औषध लागू पडलं! त्या तीन दिवसांचं मला आजही वाईट वाटते.

३ जूनला सकाळी आई उठली, अंगणात सडा टाकला, तुळशीला पाणी घातलं, आणि मला हलवून उठवलं. "आज सरपंच बोलला नाई काऊन?"

सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी अंधारताना ओरडणं हा मकावचा धर्म आहे, थव्यात असते तर एकमेकांना हाक देतात, इथं गावाला देतो. दीड वर्षात एकही सकाळ अशी गेली नव्हती. जाऊन पाहिलं तर खालच्या दांड्यावर बसलेला, पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटलेले, आणि डोक्यावरच्या हिरव्या पिसांना चिकट लगदा लागून वाळलेला. म्हणजे रात्री उलटी करून मान झटकली होती. हात पुढं केला तर चढायला आला पण उजवा पाय घसरला. काट्यावर ९५१.

तेव्हा कुठं मी हिशोब केला. १०३८ वरून ९५१, म्हणजे आठ टक्क्यांच्या वर गेलं. मी सत्तर किलोचा आहे, साडेतीन आठवड्यांत माझं सहा किलो न मागता गेलं असतं तर मी काय मेडिकलवाल्याला फोन केला असता का?

नागपूरला पक्षी पाहणाऱ्या एका डॉक्टर मॅडमचा नंबर मामेभावानं देऊन ठेवला होता. त्यांनी फोनवर दोनच गोष्टी सांगितल्या, ऊन चढायच्या आधी निघा, आणि येताना कालचा-आजचा पेपर शीटसकट घेऊन या. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला शेजारच्या दादाची बोलेरो काढली. छोटा प्रवासाचा पिंजरा, त्यावर एका बाजूनं ओला टॉवेल, पक्षी मात्र कोरडा, आत पाण्याच्या वाटीऐवजी काकडीचे काप कारण वाटी गाडीत सांडते. पोरगी मांडीवर पिंजरा घेऊन काटोलपर्यंत एक शब्द बोलली नाही. काटोलच्या पुढं तिनं विचारलं, "बाबा, मी २३ तारखेलाच सांगितलं असतं तर?" २७ तारखेला तिनं सांगितलंच होतं.

मॅडमनी छातीचं हाड चाचपलं आणि माझंही बोट तिथं ठेवलं. दोन्ही बाजूंनी मांस भरलेलं असायला पाहिजे, तिथं हाडाची धार लागत होती. तोंड पाहिलं, पेपर पाहिला, खाणं विचारलं. मग म्हटलं, पिंजरा कशाचा आहे? मी खुशीनं मोबाईल काढला, माझ्याकडं त्या पिंजऱ्याचे पन्नास फोटो. त्यांनी एक फोटो दोन बोटांनी मोठा केला, मोठा केला, आणि जाळीच्या जोडावर आणून थांबवला. तारेला तार जिथं मिळते तिथं पांढुरके चमकदार थेंब सुकून बसलेले होते. "हे झिंक आहे," त्या म्हणाल्या, "आणि हा पक्षी ते दोन महिने खातोय."

जीआय म्हणजे लोखंडावर झिंकचा, जस्ताचा थर. त्यानंच ते गंजत नाही. नव्या जाळीवर हा थर कच्चा असतो, जोडावर थेंब साचलेले असतात, भुकटी सुटते. कोंबडीला, गाईला त्या जाळीनं काही होताना आपण पाहत नाही कारण त्या जाळी खात नाहीत, पोपट चोचीनं कुरतडतो. गिळलेला कण पोटाच्या दाणे दळणाऱ्या पिशवीत अडकतो, तिथल्या आम्लात विरघळत राहतो, आणि रक्तात उतरून स्वादुपिंड, लिव्हर, किडनी यांना धरतो. जास्त पाणी, पातळ शीट, उलटी, वजन उतरणं, पायातली ताकद जाणं, सगळं त्यात येतं. पक्षी पाळणाऱ्यांत याला नव्या तारेचा आजार असं नावच आहे म्हणे. आपल्याला कोण सांगणार.

मॅडमनी लगेच शिक्कामोर्तब केलं नाही हे पण सांगितलं पाहिजे. मकावचं वजन उतरतंय आणि उलटी होतेय म्हटलं की आणखी एका दुखण्याची भीती असते, मकाव वेस्टिंग म्हणतात, त्यात पोटाच्या नसा जातात आणि दाणे न पचता तसेच शीटमधून निघतात. त्यामागचा बोर्ना विषाणू २००८ साली सापडला, आणि त्यावर पक्का इलाज नाही. म्हणून त्यांनी शीट बारकाईनं पाहिली, आख्खा दाणा एकही नव्हता. एक्स-रेमध्ये पोटात दोन पांढरे ठिपके दिसले, एक ज्वारीएवढा, एक त्याहून लहान. रक्त काढलं ते वेगळ्या नळीत, साध्या नळीचं रबरी बूच चालत नाही कारण रबरातच झिंक असते आणि रिपोर्ट खोटा जास्त येतो. रिपोर्ट यायला वेळ होता, त्यांनी वाट न पाहता इंजेक्शन सुरू केलं. रिपोर्ट पुढं आला तो वाढलेलाच आला.

इंजेक्शन कॅल्शियम ईडीटीएचं, छातीच्या मांसात, दिवसातून दोनदा, पाच दिवस. ते रक्तातला धातू धरून लघवीवाटे बाहेर काढतं, त्यामुळं किडनीवर ताण येतो म्हणून सोबत सलाईन, आणि पाच दिवसांनी मधे सुट्टी, मग दुसरा कोर्स. पोटातले ठिपके पुढं सरकावेत म्हणून खाण्यात थोडं इसबगोल. डोस मी लिहीत नाही, कोणी बघून घरी टोचायला जाऊ नये.

दोन रात्री तो दवाखान्यात होता, बाकी आम्ही बहिणीच्या फ्लॅटवर मुक्काम ठोकला आणि सकाळ-संध्याकाळ नेलं. पहिले तीन दिवस मऊ उकडलेला मका आणि कोहळ्याचा लगदा चमच्यानं. चौथ्या दिवशी वजन ९४४, म्हणजे अजून खाली, मी रात्री गच्चीवर जाऊन बसलो. पाचव्या दिवशी ९४९. सहाव्या दिवशी पहाटे साडेपाचला चौथ्या मजल्यावरून जो काही हंबरडा फुटला की खालच्या मजल्यावरचे काका बनियनवर वर आले, "ताई, हा काय प्रकार आहे हो?" बहीण माफी मागत होती आणि मागं आम्ही बापलेक हसत होतो, मला तर डोळ्याला पाणी होतं. त्या काकांना पुढं संत्र्याची पेटी पाठवली.

दुसरा कोर्स झाल्यावर एक्स-रेत ठिपके नव्हते. जुलैच्या शेवटी १०२१.

घरी मधल्या काळात वेल्डिंगवाल्या भावानं पिंजरा उघडला होता. तो बिचारा माझ्यापेक्षा जास्त हादरला, पैसेच घेईना, त्याला म्हटलं जाळी मी आणली होती, तू नाही. एसएसचा, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा, भाव ऐकून मी गप्प बसलो, मग साध्या लोखंडी सळया, कुठलाही मुलामा नसलेल्या, सव्वा इंचाच्या अंतरानं लावल्या आणि अमरावतीला नेऊन भट्टीची पावडर कोटिंग करून आणली. नट, कडी, कुलूप सगळं एसएस, कारण मॅडमनी ते वेगळं बजावलं होतं की लोक जाळी बदलतात आणि कडी जीआयचीच ठेवतात. वाट्या एसएसच्या. पितळेतही जस्त असतं म्हणून घुंगरू काढले, एक घुंगरू तर चेपून फाटलेलं निघालं, तेव्हा जाळीनं किती केलं आणि घुंगरानं किती हे वाटून घेत बसलो नाही. ज्याला आता नवीन पिंजरा परवडत नाही त्यानं जुना जीआय पिंजरा व्हिनेगर लावून ब्रशनं घासावा, सुटी भुकटी निघते, धोका कमी होतो, पण संपत नाही, आणि मकावसाठी तर मी तेही करणार नाही. सगळं मिळून तीस हजारांच्या वर गेले. काढलेली जाळी मुंगण्याच्या (शेवग्याच्या) रोपाभोवती लावली आहे, शेळ्यांपासून.

आता रोजचा दिवस कसा चालतो ते, कारण दुखण्यानंतर आम्ही सगळंच तपासलं आणि आणखी बऱ्याच गोष्टी चुकीच्या निघाल्या.

आधी तो दिवसभर समोर वाटी भरून सूर्यफुलाचं बी आणि शेंगदाणे खायचा. लोकांना कौतुक, सोलतो कसा बघा! सूर्यफुलात तेल तेवढं भरपूर, व्हिटॅमिन ए आणि कॅल्शियम नावाला, आणि गावातले शेंगदाणे पावसाळ्यात आतून बुरशी धरतात, ती बुरशी लिव्हर खाते. मकावला तेलाची गरज इतर पोपटांपेक्षा थोडी जास्त असते म्हणून दिवसाला दोन-तीन अक्रोड-बदाम ठेवले, सालासकट, फोडायला मेहनत लागली पाहिजे. बाकी अर्ध्याच्या आसपास पोपटांचे पेलेट, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्या, ते ऑनलाइन येतात. दाण्यावरून पेलेटवर आणायला सात आठवडे लागले, एकदम बंद केलं असतं तर उपाशी राहिला असता, मकाव अडून बसला की बसला, तिथं पण वहीच कामी आली, वजन हललं की पेलेट कमी, स्थिर झालं की जास्त.

सकाळचं ताट आई करते. कोहळं, गाजर, रताळं वाफवून, मुंगण्याचा पाला, थोडा सांबार (कोथिंबीर), मोड आलेले मूग, शिजवलेली तूर. कच्ची कडधान्यं भिजवून सुद्धा देत नाही, मूग सोडून, शिजवूनच. संध्याकाळी जांब (पेरू), पपई, संत्र्याच्या फोडी, बोरं. आईचा हात मोकळा, तिला वाटते पोळीला मीठ-तेल लावून दिलं की लेकराचं पोट भरते, तिच्याशी माझं रोज भांडण. चहा, चॉकलेट, कांदा, लसूण, अव्होकॅडो बंद. अव्होकॅडो आमच्या गावात कोण आणतो म्हणा, पण लग्नाच्या सॅलडमध्ये यायला लागलं आता.

ज्या वस्तू तासाभरात खराब होतात त्या तासाभरानं उचलायच्या, उन्हाळ्यात तर लवकर. पाणी तीन वेळा, कारण हा पेलेट पाण्यात भिजवून खातो आणि दुपारपर्यंत त्याची कढी होते.

संत्र्याच्या फांद्या चावायला देत होतो, त्या बंद केल्या. आमच्या बागेत आम्हीच फवारतो. कपाशीची पऱ्हाटी पण एक जण आणून देत होता, मी हात जोडले, २०१७ ला यवतमाळात फवारणी करता करता माणसं गेली, ती पऱ्हाटी पोपटाच्या चोचीत? आता बाभळीची, कडुलिंबाची जाड फांदी, घरामागच्या, कधीही न फवारलेल्या. बांबूचे तुकडे, नारळाची करवंटी, मक्याचं सोललेलं बुरकुंड. आठवड्याला एक फांदी भुसा होते. तो भुसा झाला नाही तर मग दरवाज्याची चौकट होते, त्याला काहीतरी फोडायला लागतंच, हे दिलं नाही तर स्वतःची पिसं उपटतो. बागेत फवारणी असली की त्या दिवशी तो मागच्या खोलीत, खिडक्या बंद.

नॉनस्टिकचा तवा विकून टाकला. तो जास्त तापला की टेफ्लॉनचा वायू निघतो, माणसाला कळत नाही आणि पक्षी मिनिटांत मरतो. आई म्हणे, बिडाच्या तव्यावरच पोळी चांगली होते, मी पहिलेच सांगत होती. चूल पेटली की छपरीकडं धूर येतो, ती जागा बदलली.

कुलरच्या ताट्या दर उन्हाळ्यात नव्या, मधे एकदा परत. ओल्या ताटीला बुरशी येते आणि तीच हवा त्याच्या फुप्फुसात, मकाव त्या बाबतीत नाजूक. कुलर थेट अंगावर नाही, भिंतीवर मारून येणारी हवा. नवतप्यात तो पंख अंगापासून सोडून चोच उघडी ठेवून धापा टाकायला लागला की पायांवर पाण्याचा फवारा, फॅन, सावली. एरवी रोज सकाळी दहाच्या आत फवाऱ्यानं आंघोळ, पंख पसरून उलटा लटकतो आणि नाचतो. कोवळ्या उन्हात अर्धा तास, अर्धी जागा सावलीत, कॅल्शियम अंगी लागायला ऊन लागतं आणि काचेतून आलेलं ऊन त्या कामाचं नाही.

झोप ही सगळ्यात अवघड. दहा-बारा तास अंधार लागतो. आधी छपरीत टीव्ही साडेअकरापर्यंत, आणि मग आम्ही म्हणायचो, हा चिडचिडा काऊन झाला. आता साडेसातला आतल्या खोलीत त्याचा झोपायचा छोटा पिंजरा, पडदा, बंद. लग्नाच्या सीझनमध्ये डीजे लागला की काही इलाज नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी झोपू देतो.

चावतो का, तर हो. पाठीवरून, पंखाखाली हात फिरवणं बंद केलं, त्यानं तो माझ्यावर प्रेमात पडल्यासारखा वागायला लागला होता आणि बायकोला बोचकारायचा. डोकं आणि मान, बस. ओरडला की धावत जायचं नाही, धावलं की त्याला कळतं की ओरडलं की माणूस येतो. शांत बसला, शिट्टी मारली की जायचं. हे पोट्ट्यांना सांगून सांगून थकलो, शाळा सुटली की दहा जण छपरीसमोर उभे आणि "सरपंच, सरपंच", तो पण तयारच.

ताप-खोकला आला घरात कोणाला की डॉक्टरला सांगायचं घरी पोपट आहे, पोपटाचा ताप माणसाला लागू शकतो. शीटचा वाळलेला चुरा झाडायचा नाही, पाणी मारून ओल्या फडक्यानं. हे काम माझ्याकडं आहे.

वजन अजून पोरगीच करते. नवीन वही लागली, रंगीत कव्हरची, आणि आता २० ग्रॅम उतरले की ती मला न विचारता डॉक्टर मॅडमना मेसेज करते, तो अधिकार तिनं माझ्याकडून लिहून घेतला आहे, पहिल्या पानावर माझी सही आहे. मागच्या उन्हाळ्याचा उतार तिनं लाल पेननं परत काढून ठेवलाय. आजच्या पानावर लिहिलंय, वजन १०३६, शीट चांगली, पाणी दोन वाट्या, सरपंचानं पेनचं टोपण नेलं आणि परत दिलं नाही, टोपणाचे तुकडे मोजले, सगळे सापडले.